दारापलीकडचा दुसरा माणूस

१

पेटी उघडीच होती. आत टेपची रिळं ओळीनं उभी होती आणि मधोमध एका रिळाएवढी फट होती. हसऱ्या माणसाचा पुढचा दात पडावा तशी ती फट सगळ्यांच्या नजरेत भरत होती.

"दोघे होते," सेगावा म्हणाला. "काल दुपारी. मी माझ्या कानांनी ऐकलं."

सेगावा टोकियोचा विद्यार्थी. कुमई बेटाची बोली आता जेमतेम वीसेक म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली होती. तिचं व्याकरण लिहून काढायला तो आला होता, आणि कालपासून तापानं आडवा झाला होता. आत्ताही एवढ्या उकाड्यात तो गोधडी लपेटून गावसभेच्या घरात भिंतीला टेकून बसला होता.

"दोघे कशावरून?" गावप्रमुख माएदोमारी केनशोनं विचारलं.

"एक जण दुसऱ्याला सांगत होता, चल, घेऊन जाऊ. मी या सरकत्या दाराच्या मागं पडलो होतो. ताप इतका होता की उठवेना. वाटलं, असतील गावातली माणसं."

केनशोनं एक लांब श्वास घेतला. पन्नाशीचा माणूस, अर्धं आयुष्य ओसाकात काढून परतलेला. त्याचं बोलणं इस्त्रीच्या कपड्यासारखं होतं, त्यात एक सुरकुती सापडायची नाही. "गुरुजी," तो कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळला, "तुम्हीच बघा आता."

इनाफुकु गुरुजी दचकले. बेटाच्या शाळेत त्यांनी जन्मभर जपानी शिकवलं होतं. हा केनशो त्यांच्या पहिल्या वर्गातला. पण स्वतःच्या मतापेक्षा शब्दकोशावर भिस्त ठेवणारा हा माणूस. कुणी वेळ विचारली तरी घड्याळ दोनदा बघायचा.

"मी? अरे, मला त्यातलं काय कळतं?"

"निबंधातली चूक कधी सुटली नाही तुमच्या नजरेतून. पोलीस मोठ्या बेटावरून उद्याच्या बोटीनं येणार, आणि त्याच बोटीनं हा पेटी घेऊन निघणार. त्यात माझ्या आईचा आवाज आहे, गुरुजी. ती गेल्यापासून मी तो ऐकलेला नाही. हेच रीळ आजच्या सभेत सगळ्यांसमोर ऐकायचं ठरलं होतं."

केनशोची आई कामादो. पस्तीस वर्षांपूर्वी टोकियोचे एक प्राध्यापक बेटावर आले होते, तेव्हा तिनं त्यांना बोलीतली हजारो वाक्यं सांगितली होती. रिळं इथंच राहिली. ती वाजवायचं यंत्र बिघडलं आणि सगळे विसरून गेले. आता सेगावानं नवं यंत्र आणलं होतं आणि तो रोज एकेक रीळ ऐकत होता.

"दोघे म्हणजे कोण ते सांगायला नको," केनशो म्हणाला. "पेटी टोकियोला जाऊ देणार नाही, असं भर सभेत दोघांनीच सांगितलं होतं. नाओ आणि तिचा नवरा. संध्याकाळी सभा आहे. तोवर रीळ मिळालं नाही तर त्यांचा बोलीचा वर्ग बंद. घरही गावानं दिलेलं आहे, तेही सोडावं लागेल."

स्वयंपाकघरातून उतो पेजेचा वाडगा घेऊन आली. गावसभेच्या घराची देखभाल तिच्याकडे होती. गुरुजींच्या वयाची, एकाच शाळेत शिकलेली. तिनं वाडगा सेगावापुढं ठेवला, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आता घरी जाऊया हं."

सेगावा धडपडत उठायला लागला. "आत्ता? कुणाच्या घरी, आजी?"

"अरे, पडून राहा," तिनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "ताप डोक्यात गेलाय वाटतं पोराच्या." जाता जाता तिनं एक नजर त्या रिकाम्या फटीकडे टाकली आणि ती झपाझप निघून गेली.

२

नाओ ओट्यावर बसून कारली चिरत होती. सुरी जरा जास्तच जोरात आपटत होती.

"या गुरुजी. झडती घ्यायला आलात? तेत्सु, गुरुजींना तांदळाचा डबा दाखव आधी. चोर तिथंच लपवतात म्हणे."

"नाओ, अगं, मी नुसतं विचारायला आलोय."

"तेच तर. कालपर्यंत गावात कोणीही भेटलं की 'कसं चाललंय' विचारायचं. आज सगळे 'काल दुपारी कुठं होतीस' विचारतात."

नाओ नाहा शहरातली. तिची आजी याच बेटावरची, पण आजीची भाषा तिच्या आईपर्यंतही पोचली नव्हती. नाओ ती मोठेपणी शिकली, म्हाताऱ्यांच्या मागं वहाणा झिजवून. नवरा तेत्सु ओसाकाचा सुतार; कमी बोलणारा.

"कुठं होतात काल दुपारी?"

"उसाच्या शेडमध्ये. दोघंच," तेत्सु म्हणाला. "ती माझी साक्षीदार, मी तिचा. म्हणजे साक्षीदार कुणीच नाही."

"तिकडे गेलाच नाहीत?"

"गेलो होतो की. जेवायच्या आधी," नाओ म्हणाली. "त्या पोराला ताप आलाय कळलं, म्हणून एक कलिंगड नेलं. पुढच्या खोलीच्या दाराशी ठेवलं. हाक मारली नाही. म्हटलं झोपला असेल."

"पुढच्या खोलीच्या?"

"तो तिथंच झोपतो ना."

गुरुजींनी मान हलवली. ते चुळबुळ करत राहिले, प्रश्न सुचेना. शेवटी नाओनंच सुरी खाली ठेवली.

"गुरुजी, खरं सांगू? चोरायचंच असतं तर मी अख्खी पेटी चोरली असती आणि वर जाऊन सांगितलं असतं की मी चोरली. एक रीळ नेऊन काय करू? त्याच्यावर चहाचा पेला ठेवू? आमचं भांडण सगळ्या पेटीसाठी होतं." तिचा आवाज थोडा उतरला. "चौदा पोरं येतात वर्गाला. काल मासेविक्याच्या मुलीनं घरी जाऊन आजोबांना बोलीत हाक मारली. म्हातारा दारातच बसून राहिला. हे बंद पाडायचं असेल तर पाडा. पण चोर म्हणून नको."

तेत्सुनं कोपऱ्यातली सुतारकामाची पेटी पायानं आत ढकलली. ती भरून ठेवलेली होती. माणूस निघायच्या तयारीत होता.

गुरुजी बाहेर पडले तेव्हा त्यांना वाटलं, पोरगी खरं बोलतेय. मग लगेच वाटलं, आपल्याला तर सगळेच खरं बोलतात असं वाटतं. शाळेत गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला म्हणणाऱ्या पोरांवरही त्यांनी विश्वास ठेवला होता. पण एक गोष्ट विश्वासाची नव्हती, हिशेबाची होती. एकच रीळ का? ज्याला बेटाचा आवाज बेटावर ठेवायचा आहे, तो एक तुकडा नेत नाही. तुकडा तोच नेतो, ज्याला त्या तुकड्यात काय आहे ते ठाऊक आहे.

३

"त्या रिळात काय होतं?" गुरुजींनी सेगावाला विचारलं.

"क्रियापदं. डब्यावर लिहिलेलं होतं, 'देणे, घेणे, सोपवणे'." सेगावाचा ताप उतरला होता आणि तो चवीनं जेवत होता. "फार महत्त्वाचं रीळ आहे, गुरुजी. देणारा कोण, घेणारा कोण, हे या बोलीत कसं सांगतात ते त्यावरच कळणार होतं. परवा उतो आजींनाही मी हेच सांगत होतो."

"हे काय खातोयस?"

"माशाचं सार. आजींनीच आणलं. वर दोन अंडी घातली होती." तो लाजून हसला. "सकाळपासून तिसऱ्यांदा काही ना काही आणून देतायत. मघाशी तर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तू फार भला मुलगा आहेस. मी काय केलं कुणास ठाऊक."

गुरुजींच्या मनात काहीतरी खुपलं, पण काय ते हाताला लागेना. त्यांनी चष्मा पुसला. वर्गात मूल अडखळलं की ते जे करायचे तेच त्यांनी केलं.

"हे बघ, तू सकाळी सांगितलंस ते अर्थ सांगितलास. मला अर्थ नको. शब्द सांग. जसे कानावर पडले तसे."

सेगावानं चमचा थांबवला. हे त्याच्याच धंद्यातलं तत्त्व होतं, आणि म्हातारा ते त्यालाच ऐकवत होता. त्याचे कान लाल झाले.

"आवाज अगदी हलका होता. कुजबुजल्यासारखा. बाईचा की पुरुषाचा तेही सांगता येणार नाही. कपाटाचं दार वाजलं. मग थोडा वेळ काही नाही. मग अगदी या सरकत्या दाराजवळ आवाज आला..." त्यानं डोळे मिटले. "'नेऊया हं.' एवढंच."

"आणि दुसरा काय म्हणाला?"

"दुसरा?"

"दोघे होते म्हणतोस. पहिला म्हणाला, नेऊया हं. दुसरा काय म्हणाला?"

सेगावानं वाडगा खाली ठेवला. "काहीच नाही."

"पावलं?"

"एकाचीच. पण गुरुजी, 'नेऊया' म्हटलं म्हणजे दोघे असणारच ना? एकटा माणूस 'नेऊया' कशाला म्हणेल?"

गुरुजी उठून उभे राहिले. इतक्या झटकन उठले की चहाचा पेला लवंडला.

"तू या मागच्या खोलीत कधीपासून झोपतोस?"

"कालपासूनच. पुढं ऊन येतं म्हणून जेवणानंतर इकडे आलो."

"कुणाला ठाऊक होतं?"

"उतो आजींना. त्यांनीच तर गादी ओढून आणली. प्रमुखसाहेब संध्याकाळच्या बोटीनं आले, त्यांना मी मग सांगितलं." सेगावा त्यांच्याकडे बघत होता. "काय झालं, गुरुजी? दुसरा कोण होता ते कळलं का?"

"कळलं," गुरुजी म्हणाले. "दुसरा तू होतास."

४

उताराच्या वाटेनं जाताना गुरुजींना स्वतःचीच लाज वाटत होती. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही म्हणतात, तशी त्यांची गत झाली होती.

टोकियोच्या जपानीत 'जाऊया' म्हणजे तू आणि मी मिळून जाऊ. कुमई बेटावर तसं नाही. इथं 'जाऊया हं' म्हणणारा माणूस एकटाच जातो. समोरच्याला न दुखवता त्याची परवानगी मागायची आणि निरोपही घ्यायचा, दोन्ही एका दमात. 'मी जाते, चालेल ना,' एवढाच त्याचा अर्थ. बोली मागं पडली, तोंडात जपानी शब्द आले, पण वळण बोलीचंच राहिलं. गुरुजींनी मुलांच्या वह्यांत त्याच्यावर लाल शाईचे घडे रिकामे केले. वळण हटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या तोंडूनही ते निघायचं, आणि त्यांना ऐकूही यायचं नाही.

सकाळी सेगावा उठायला का लागला, तेही आता कळलं. ताप डोक्यात गेला नव्हता. त्याला वाटलं, आजी त्याला घरी बोलावतेय.

आणि असं वाक्य कुणी रिकाम्या खोलीला ऐकवत नाही. ते ऐकायला समोर माणूस लागतो. बोलणाऱ्याला ठाऊक होतं की सरकत्या दारापलीकडे सेगावा आहे. नाओ-तेत्सुच्या लेखी तो पुढच्या खोलीत होता. केनशो तर बोटीतही बसला नव्हता तेव्हा, आणि शिवाय ओसाकातून आल्यापासून असं वाक्य त्याच्या तोंडून मेला तरी निघायचं नाही.

उतो अंगणात भुईमूग निवडत होती. तिनं वर बघितलं, आणि गुरुजींना काही विचारावंच लागलं नाही.

"बस सेइशो. चहा टाकते." गुरुजींना नावानं हाक मारणारी गावात ती एकटीच उरली होती. तिनं चहा आणला, बशीत काळ्या गुळाचा खडा ठेवला. मग म्हणाली, "त्या पोरानं सांगितलं का?"

"त्याला काही ठाऊकच नाही, उतो."

"असं कसं? मी त्याला सांगून आणलं. अंधारात नाही, चोरून नाही. दाराशी बसून म्हटलं, नेऊया हं. तो हं म्हणाला."

"तापात कण्हला असेल."

ती बघत राहिली. "म्हणजे ते दोन चोर? मला वाटलं, पोरगं मला पाठीशी घालतंय. टोकियोचं असून किती माया, म्हणून मी त्याला अंडी..." तिचा हात तोंडाकडे गेला. "मग नाओवर आलं तेव्हा मी म्हटलं, हे काय भलतंच. सकाळपासून घास गिळला नाही बघ."

"त्या रिळात काय आहे?"

समुद्राकडून वारा आला आणि भुईमुगाची टरफलं अंगणभर पळाली. उतोनं ती गोळा केली नाही.

"कामादो साधी बाई. प्राध्यापक म्हणाले, 'देणे' घालून वाक्य सांगा. मी तिथंच चहा घेऊन उभी होते. मला वाटलं, म्हणेल शेजारणीनं मासा दिला. ती हसली माझ्याकडे बघून. आणि म्हणाली, 'उतोनं मला मूल दिलं.'"

गुरुजींच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला.

"मी अठरा वर्षांची होते. लग्न नाही, काही नाही. पोराच्या बापाचं जहाज परत आलंच नाही. कामादोची कूस उजवत नव्हती. दोघी कामाला म्हणून मोठ्या बेटावर गेलो, येताना तिच्या कडेवर केनशो होता. गावानं तिचं कौतुक केलं. मी मागून बोचकी घेऊन चालत होते." तिनं ओट्यावरचं फडकं उचललं आणि उगाच पेला पुसला. "वाक्य खरंच होतं, सेइशो. व्याकरणाचं होतं. पण ते त्यानं यंत्रातून ऐकावं? भर सभेत, त्या पोरानं भाषांतर करून सांगावं?"

"रीळ कुठंय?"

"आहे. मोडायला हात झाला नाही. आवाज तिचा आहे ना त्यात."

सभेची घंटा वाजायला लागली.

५

गावसभेचं घर भरलं होतं. नाओ आणि तेत्सु दाराजवळ बसले होते, पाहुण्यांनी बसावं तसे. गुरुजी उभे राहिले. त्यांना पक्की खात्री होती की ते काहीतरी चुकीचं बोलणार.

"चोरी झालीच नाही," ते म्हणाले.

कुजबुज उठली. त्यांनी सगळ्यांना 'नेऊया'ची गोष्ट सांगितली. सांगता सांगता त्यांना वर्गाची सवय सापडली आणि आवाज स्थिरावला. म्हातारी माणसं आधी गोंधळली. मग एक जण म्हणाला, "म्हणजे टोकियोत मी 'अंघोळ करूया हं' म्हटलं तर?" दुसरा म्हणाला, "तर कुणाच्या बायकोसमोर म्हणू नकोस." हशा पिकला. सेगावा तेवढा हसत नव्हता. तो मान खाली घालून बसला होता.

"मी चुकलो," तो उठून नाओपुढं वाकला. "मला एकाच माणसाचा आवाज आला होता. दुसरा मी व्याकरणातून बनवला."

नाओनं सरकून त्याला चटईवर जागा करून दिली.

"म्हणजे रीळ सापडलं," केनशो म्हणाला. "नेलं कुणी?"

"मी," उतो म्हणाली.

"तुम्ही? मावशी, तुम्हाला ते कशाला हवं होतं?"

हसणं थांबलं. केनशो रागावला नव्हता, नुसता गोंधळला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. उतोनं गुरुजींकडे पाहिलं. एक खोटं गुरुजींच्या जिभेवर तयार होतं: रीळ बुरसटलं होतं, पुसायला नेलं. चांगलं खोटं होतं. जन्मात पहिल्यांदाच त्यांना इतकं चांगलं खोटं सुचलं होतं.

"नेण्याचं कारण तिचं तिच्यापाशी," ते म्हणाले. "माझ्या तपासात ते येत नाही."

"पण गुरुजी, आईचा आवाज माझ्या..."

"केनशो," उतो उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "रीळ माझ्या घरी आहे. यंत्र घेऊन ये. तू एकटा ये. त्यातलं एक वाक्य तू यंत्रातून ऐकायच्या आधी मला तुला सांगायचंय."

ती त्याच्याकडे न बघता दाराबाहेर गेली. सेगावानं यंत्र उचलून केनशोच्या हातात दिलं, आणि तो तिच्या मागून निघाला. गाव बघत राहिलं. वर्ग चालू ठेवायचा ठराव कुणीतरी मांडला, हात वर झाले, पण सगळ्यांच्या माना दाराकडेच होत्या.

६

दुसऱ्या दिवशी बोटीतून पोलीस उतरला, पण बोट परत सुटली तेव्हा सेगावा तीत चढला नाही. तो नाओच्या वर्गात मागं बसला होता, पोरांच्या रांगेत, गुडघे दुमडून. गुरुजीही आले होते. आपण काल बरोबर केलं की चूक, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

वर्ग अर्ध्यावर आला असताना केनशो दारात दिसला. डोळे सुजलेले, सदरा कालचाच. पोरं उठून उभी राहिली, त्यानं हातानं खाली बसवलं, आणि जोडे काढून तो मागच्या चटईवर टेकला. यंत्र त्याच्याजवळ नव्हतं.

नाओ शिकवत राहिली. काका, काकू, मोठा भाऊ, धाकटी बहीण. पोरं एका सुरात म्हणत होती.

केनशोनं हात वर केला. चाळीस वर्षांपूर्वी करायचा तसाच, अर्धवट.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"आपल्या बोलीत... जिनं जन्म दिला ती, आणि जिनं वाढवलं ती." तो थांबला. इस्त्रीचं जपानी कुठल्या कुठं गेलं होतं. "दोघींना हाक मारायला वेगळे शब्द आहेत का?"

गुरुजींनी नजर खाली वळवली. नाओला काही ठाऊक नव्हतं. तिनं प्रामाणिकपणे विचार केला, जसा शिक्षकानं करायचा असतो.

"नाही," ती म्हणाली. "सांगताना वेगळं सांगता येतं. पण हाक मारायला एकच शब्द आहे. अन्मा."

"एकच?"

"एकच."

"मग सोपं आहे," केनशो म्हणाला. त्यानं घसा साफ केला आणि हलक्या आवाजात म्हणून पाहिलं. "अन्म."

"शेवट लांबवा," नाओ म्हणाली. "ती घरात आहे आणि तुम्ही फाटकाशी उभे आहात, असं धरून म्हणा."